इंजिनाचं पाणी

अंबरनाथजवळच्या काकोळे गावात, डोंगराच्या पायथ्याशी, रेल्वेचं धरण आहे. १९५१ साली जीआयपी रेल्वेची मध्य रेल्वे झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून 'जीआयपी टँक'च आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून कंपनीने ते बांधलं. वालधुनी नदी याच डोंगरातून उतरते, अंबरनाथ आणि उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासच्या खाडीला मिळते. धरणातलं पाणी आजही माणसाने तोंडात घ्यावं असं आहे. तिथून काही किलोमीटरवर तीच नदी नाकाला रुमाल लावून पार करावी लागते.

माझे आजोबा कल्याण यार्डात शंटिंगच्या इंजिनावर फायरमन होते. पाण्याचा विषय निघाला की त्यांची गाडी बॉयलरवर यायची. जड पाणी गेलं की नळ्यांत क्षारांचा थर धरतो, मग कोळसा ओढत बसा आणि वाफ काही चढत नाही. "साहेब एक वेळ माणूस आजारी पडला तर चालवून घेईल, इंजिन आजारी पडलेलं नाही चालायचं," असं ते म्हणत. त्यांच्या सांगण्यानुसार धरणावर रखवालदार असे आणि गुरं पाण्यात घातली की दंड होई. दंडाची रक्कम दर वेळी वेगळी निघे, पण दंड झाला हे पक्कं. त्या पाण्याला मालक होता, घाण झाली तर नुकसान थेट त्याच्या खिशातून जात होतं आणि म्हणून त्याचं लक्षही होतं.

खालच्या नदीला असा मालक कधी मिळाला नाही. देव मात्र होता. वालधुनीच्या काठचं अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांचं. शिलालेखावर शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. आजी सांगायची की महाशिवरात्रीला पहाटे नदीत बुडी मारायची आणि ओलेत्याने गाभाऱ्यात उतरायचं. आत्याच्या वाट्याला पाय धुण्यापुरती नदी आली. आम्हाला तेवढीही नाही. आम्ही चपला काढायच्या आधी वास येतो का बघायचो.

१९४७ नंतर कल्याणजवळच्या ओस पडलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसं उतरली. पाच कॅम्प आणि बराकी, त्यात लाखाच्या घरात माणसं. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून घेतलं, पण शहराला स्वतःचा असा पाण्याचा स्रोत आजतागायत नाही. आत्याच्या मैत्रिणीची सासू, आम्ही तिला दादी म्हणायचो, सांगायची की बराकीत गोणपाटाचा पडदा लावून दोन कुटुंबं राहायची आणि पाण्याची बादली राखायला रात्री एक जण जागा असायचा. झुलेलाल हा त्यांचा पाण्याचा देव. बहराणा साहेबाची ज्योत पाण्यात सोडायची असते. सिंधूकाठची सवय असलेल्या दादीला इथला नाला नदी म्हणून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "यह तो मोरी है." हे पन्नासच्या दशकातलं, म्हणजे पाणी अजून बरं होतं तेव्हाचं.

पुढे कारखाने आले. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, अंबरनाथ आणि बदलापूरला वसाहती बसल्या, १९७२ला बारवी धरण उभं राहिलं. आमच्या घरातल्या कोणीही कारखान्यांना शिव्या दिल्या नाहीत, हे सांगायला हवं. काकांची नोकरी तिथली, धाकट्या आत्याचं लग्न त्या पगारावर झालं. पगार मुकाट्याने यायचा आणि वासही तसाच. देवघरातलं चांदीचं निरांजन आजीने रांगोळीने घासून लखलखीत करावं आणि आठवड्यात ते पुन्हा काळं पडावं. तिला वाटे घरात काही शिवाशिव झाली. ते नाल्यातून उठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं काम होतं हे आम्हाला कॉलेजात कळलं, आणि तिला सांगायचं धाडस कोणी केलं नाही.

उल्हासनगर जीन्सचं गाव झालं तेव्हा कॅम्प पाचच्या बाजूला नाल्याचं पाणी निळं दिसायचं. कापड रंगवायचं, दगडांबरोबर फिरवून विटकं करायचं, धुवायचं आणि धुण्याचं पाणी सोडून द्यायचं. मुंबईत रस्त्यावर स्वस्तात पँट मिळाली की आम्ही खुशीत घ्यायचो. तिच्या किमतीत पाणी साफ करण्याचा खर्च धरलेला नव्हता, म्हणून ती स्वस्त होती.

नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस एका पहाटे कोणीतरी टँकरभर रसायन वालधुनीत ओतलं. काठच्या वस्तीत शेकडो माणसांना उलट्या सुरू झाल्या, श्वास कोंडला, इस्पितळात जागा पुरेना. माझ्या माहितीतल्या एका घरात सगळे उठून पळाले, आजारी म्हातारीला चादरीत घालून नेलं. तोवर प्रदूषण हा तक्रारअर्जांचा विषय होता. त्या पहाटेपासून तो रात्री दार लावून झोपायचा विषय झाला.

मामला आधीच लवादात गेला होता. 'वनशक्ती' या संस्थेने २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे उल्हास आणि वालधुनीसाठी दाद मागितली. जुलै २०१५मध्ये लवादाने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि काठच्या नगरपालिका-महापालिका यांना मिळून शंभर कोटींच्या आसपास भरपाई ठोठावली. 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच मान्य केलं होतं आणि लवादाच्या कायद्यातही ते आहे. मग अपील, सर्वोच्च न्यायालय, तारखा. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांची वीज तुटली. न्यायालयाने राज्य सरकारलाही नदीसाठी १०० कोटी भरायला सांगितले.

इथे माझी गाडी अडते. सरकार भरतं म्हणजे आपण भरतो, महापालिका भरते म्हणजे घरपट्टी भरणारी आत्या भरते. प्रक्रिया केंद्रावर दंड बसला तर तो सभासद कारखान्यांवर वाटला जातो, आणि इमानदारीने पाणी शुद्ध करून सोडणारा छोटा कारखानदार चोरटी पाइप टाकणाऱ्याच्या बरोबरीने वर्गणी देतो. पण 'सगळं कारखान्यांनी भरावं' म्हणून हात झटकायलाही मी तयार नाही. शहरांचं मैलापाणी कोण सोडतं? बदलापूरचे टॉवर झाले, तिथले संडास कुठेतरी वाहतातच. मोहन्याच्या बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरते ती शहरांच्या मैल्यावर पोसली जाते. तिथूनच कल्याणचं पिण्याचं पाणी उचलतात.

आत्याने असला तंटा एकदा मिटवला होता. चाळीच्या मागच्या खोलीत एक जण साड्या रंगवायचा. सामायिक मोरी तुंबली आणि घाण तळमजल्यावरच्या बाईच्या दारात साठली. उपसायची वर्गणी खोलीमागे समान घ्यावी असं रंगाऱ्याचं म्हणणं होतं: "पाणी काय माझं एकट्याचंच जातं?" आत्या भिशी चालवायची, हिशेबाला कडक. तिने निम्मे पैसे रंगाऱ्यावर टाकले, उरलेले माणशी वाटले. तळमजल्यावरच्या बाईकडून दमडी घेतली नाही. रंगाऱ्याने दोन हप्ते दिले आणि पावसाळ्याआधी खोली सोडून दुसऱ्या गावात बस्तान हलवलं. जीन्सवालेही बरेचसे असेच शहराबाहेर, ग्रामपंचायतींच्या हद्दीत सरकले.

तेव्हा कोणाची घाण किती हे मोजल्याशिवाय भरपाई हा अंदाजपंचे कारभार राहणार. मोजता येत नाही असं कोणी म्हटलं तर मी बारवीकडे बोट दाखवतो. धरणाची उंची वाढवली तेव्हा तोंडलीसारखी गावं पाण्याखाली गेली, माणसं उठली. त्यांच्या घरटी एकाला नोकरी द्यायची ठरलं तेव्हा प्रश्न आला, कोणी द्यायची? उत्तर निघालं की जी महापालिका किंवा नगरपालिका धरणाचं जितकं पाणी उचलते, तिने त्या प्रमाणात माणसं घ्यावीत. वर्षानुवर्षं रखडलं, मोर्चे निघाले, पण सूत्र ठरलं आणि नेमणूकपत्रं निघाली. पाणी घेणाऱ्याचा हिस्सा लिटरमध्ये मोजून त्यावरून जबाबदारी वाटण्याचं काम याच खोऱ्यात, याच कार्यालयांनी केलेलं आहे. कारखान्याच्या आणि गटाराच्या तोंडाशी मीटर बसवून तेच सूत्र उलट्या दिशेने चालवायला नवीन शास्त्र लागत नाही. बारवीच्या कोट्याच्या यादीत कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावं आहेत. लवादाने ज्यांना भरपाई भरायला सांगितलं, त्यांतही हीच आहेत.