पस्तीस हजार तासांची उधारी

शून्य तास म्हणजे गुरुवार, ५ ऑगस्ट २०२१. स्पेनमध्ये संध्याकाळचे साधारण पावणेआठ, आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. बार्सिलोना क्लबने एक छोटं निवेदन काढलं. लिओनेल मेस्सीशी बोलणी पूर्ण झाली आहेत, दोन्ही बाजूंना आजच सही करायची होती, पण स्पेनच्या ला लिगा या लीगच्या नियमांमुळे ते शक्य नाही. मेस्सी चालला. जगाला हा अपघात वाटला. खालचे तास त्या क्षणापासून मागे मोजलेले आहेत. मोठे आकडे ढोबळ आहेत.

३५,१०० तास आधी

३ ऑगस्ट २०१७. पॅरिस सेंट जर्मेनने २२ कोटी २० लाख युरो मोजले आणि बार्सिलोनाचा नेमार उचलला. एवढी रक्कम फुटबॉलमध्ये तोवर कुणी पाहिलेली नव्हती. बार्सिलोनाच्या तिजोरीत ती आली, आणि ती आली आहे हे युरोपातल्या प्रत्येक विक्रेत्याला कळलं. खरेदीला निघालेल्याच्या खिशात किती आहे हे गावभर झाल्यावर भाव काय लागायचे ते लागले. त्याच महिन्यात डेम्बेलेसाठी १० कोटी ५० लाख, जानेवारीत कुटिन्योसाठी १२ कोटी, वर बोनसच्या अटी वेगळ्या. २०१९ च्या जुलैत ग्रीझमन, आणखी १२ कोटी.

इथे हिशेबाची एक खुबी आहे. खेळाडूची किंमत एका वर्षात खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. कुटिन्योचे १२ कोटी साडेपाच वर्षांत वाटले की वर्षाला २ कोटी २० लाखांच्या आतच दिसतात. कागदावर छान दिसतं. पण ला लिगा संघावरच्या खर्चाला जी मर्यादा घालते, तिच्यात पगाराबरोबर हा वार्षिक हप्ताही धरला जातो, आणि खेळाडू बाकावर बसला तरी तो चालूच राहतो.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये पगाराची मर्यादा सगळ्या संघांना एकच असते. २०२१ साली ती १८ कोटी २५ लाख डॉलर होती. स्पेनमध्ये ती प्रत्येक क्लबची वेगळी: अपेक्षित उत्पन्नातून बाकीचा खर्च आणि कर्जाची परतफेड वजा करायची, उरेल ते संघावर. चांगल्या दिवसांत ही मर्यादा फुगते. बार्सिलोनाची २०१९-२० ची मर्यादा ६७ कोटी युरोंच्या वर होती. संचालकांनी तिलाच कायमची मिळकत समजून पगार ठरवले. माझ्या मते खरी चूक इथली आहे, मेस्सीच्या पगाराची नव्हे.

९,६०० तास आधी

२९ जून २०२०. महामारीमुळे स्टेडियम प्रेक्षकांना बंद. क्लबचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. आदल्या दिवशी जाहीर झालं की २३ वर्षांचा आर्थर ७ कोटी २० लाखांना युव्हेंटसला जाणार आणि तिथून तिशीतला प्यानिच ६ कोटींना येणार. विकलेल्याचा नफा याच वर्षात जमा, घेतलेल्याची किंमत पुढच्या चार वर्षांत विभागलेली. ताळेबंद सावरला. संघात मात्र एक तरुण गेला आणि एक उतारवयाचा आला, तोही भरघोस पगारावर.

८,३०० तास आधी

२५ ऑगस्ट २०२०. बायर्नकडून ८-२ असा मार खाऊन दोन आठवडेही झालेले नव्हते. मेस्सीने क्लबला रीतसर कळवलं, मला जायचंय. क्लबने ७० कोटींच्या मुक्तता कलमावर बोट ठेवलं आणि तो थांबला. चाहत्यांनी सुटकेचा श्वास सोडला. हे लिहिणं अनेकांना रुचणार नाही, पण त्या दिवशी निरोप दिला असता तर चांगली किंमत हातात पडली असती आणि एका वर्षाचा पगार वाचला असता. नंतर उघड झालेल्या त्याच्या करारानुसार चार वर्षांची कमाल रक्कम ५५ कोटी ५० लाखांहून जास्त होती.

६,९०० तास आधी

२० ऑक्टोबर २०२०. पिके, टेर स्टेगन, डी याँग, लाँग्ले, एकाच दिवशी चौघांचे करार वाढवले. महामारीच्या वर्षात पगार कमी घ्यायचा, राहिलेली रक्कम पुढच्या वर्षांत चढवायची. याला कपात म्हटलं गेलं. ही उधारी होती, आणि फेडणारा दुसराच कुणी असणार होता: बरोबर आठवड्याने, २७ ऑक्टोबरला, अध्यक्ष बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला. पुढच्या महिन्यात ला लिगाने नवी मर्यादा जाहीर केली, ३८ कोटी २७ लाख. वर्षभरात जवळपास निम्म्यावर. पगार तसेच, फक्त छप्पर खाली आलं.

विकून मोकळं व्हावं तर घेणार कोण? इतका पगार दुसरा क्लब देणार नाही, आणि कमी पगारावर खेळाडू का जाईल? मर्यादेच्या खेळात सर्वांत महाग पडतो तो हलवता न येणारा करार.

३,६०० तास आधी

७ मार्च २०२१. ज्वान लापोर्ता अध्यक्षपदी निवडून आले. मेस्सीला आपणच राखू शकतो, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा. पदावर आल्यावर खेळाडूंचे पगार भागवायला ८ कोटींचं तातडीचं कर्ज काढावं लागलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

१,६०० तास आधी

३१ मे. सर्जिओ अगुएरोचं स्वागत. त्याचा जुना करार महिन्याभरात संपणार, म्हणजे फुकट. मग एरिक गार्सिया, फुकट. मग डेपाय, तोही फुकट. वर्तमानपत्रं खूश. पण फुकट फक्त हस्तांतर असतं. पगार मर्यादेत मोजला जातोच आणि नोंदणीसाठी जागा लागते. यांपैकी एकाचीही नोंदणी झालेली नव्हती.

८६० तास आधी

३० जूनची मध्यरात्र. मेस्सीचा करार संपला. तो कोपा अमेरिकासाठी ब्राझीलमध्ये होता. १० जुलैला माराकानावर अर्जेंटिनाने कप जिंकला तेव्हा त्या संघाचा कर्णधार कोणत्याच क्लबचा नव्हता. क्लब निवांत होता. पाच वर्षांच्या करारावर आणि निम्म्या पगारावर सहमती होत आली होती.

आता तेव्हाचा नियम पाहा. मर्यादेच्या वर गेलेल्या क्लबने चार युरो वाचवले तर त्यातला एकच नव्या खेळाडूवर खर्च करता येत असे. करार संपलेला मेस्सी नियमांपुढे नवाच खेळाडू. ३० जूनआधी सही झाली असती तरी आकडे मर्यादेत बसवावे लागलेच असते. त्यासाठी आधी इतरांचे पगार उतरवायला हवे होते, आणि ते काम जुलैअखेरही झालेलं नव्हतं.

सुमारे ३० तास आधी

बुधवार, ४ ऑगस्ट. ला लिगाने जाहीर केलं की सीव्हीसी ही गुंतवणूक कंपनी सुमारे २७० कोटी युरो घालणार, मोबदल्यात लीगच्या व्यवसायात १० टक्क्यांच्या आसपास वाटा. बार्सिलोनाच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतून मेस्सीपुरती जागा निघाली असती. बदल्यात प्रक्षेपण उत्पन्नाचा हिस्सा पन्नास वर्षं द्यायचा.

शेवटचे काही तास

मेस्सी सुट्टीवरून परतला तो सही करायला. त्याच्या दृष्टीने सगळं ठरलेलं होतं. दिवसाच्या सुरुवातीला बातम्याही त्याच सुराच्या. दुपारनंतर सूर बदलला. वडील होर्हे मेस्सी आणि लापोर्ता यांची भेट झाली. मग निवेदन.

१५ तासांनंतर

शुक्रवारी सकाळी अकराला लापोर्तांनी आकडे सांगितले. मेस्सीला धरून पगार उत्पन्नाच्या ११० टक्के, त्याला वगळून ९५. म्हणजे त्याचा पगार वगळूनही जागा नव्हतीच! सीव्हीसीचा पैसा घेऊन एका खेळाडूसाठी अर्धशतक क्लब गहाण टाकणार नाही, असं ते म्हणाले. त्या एका निर्णयापुरते ते बरोबर होते.

६४ तासांनंतर

रविवारी दुपारी बारा. मेस्सी माईकसमोर उभा राहिला, बोलण्याआधीच रडू फुटलं. ५० टक्के कपात मान्य केली होती, असं त्याने सांगितलं. मंगळवारी तो पॅरिसला गेला, ज्या क्लबने नेमार नेला होता त्याच क्लबात.

त्यानंतर

१४ ऑगस्टला पिकेने पगार कमी केला, तेव्हा कुठे डेपाय आणि गार्सियाची नोंदणी झाली. दुसऱ्या दिवशी रेआल सोसिएदादविरुद्ध पहिला गोल पिकेचाच. अगुएरोला आणखी दोन आठवडे थांबावं लागलं, मग इतर कर्णधारांनीही पगार उतरवल्यावर नोंदणी. डिसेंबरात हृदयाच्या त्रासामुळे तो निवृत्त झाला. ग्रीझमन ३१ ऑगस्टला उसनवारीने अॅटलेटिकोत परत, प्यानिच सप्टेंबरात तुर्कस्तानात. जी जागा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुणालाच सापडत नव्हती, ती महिनाअखेरपर्यंत थोडीथोडी निघत गेली. सप्टेंबरात ला लिगाने मोसमाची मर्यादा छापली: रेआल माद्रिद ७३ कोटी ९० लाख, बार्सिलोना ९ कोटी ७९ लाख.