मनोऱ्यावर कोणाला जागा मिळाली?

ऑकलंड विद्यापीठाचा क्लॉकटॉवर माहीत नाही असा इथला मराठी विद्यार्थी सापडणं कठीण. पदवीचे फोटो तिथेच काढायचे, हे ठरलेलंच. पांढरा दगड, नाजूक कळस, वर घड्याळ. ऑक्सफर्डच्या टॉम टॉवरची आठवण यावी असा थाट. पण हा मनोरा ज्याने काढला तो इंग्रज नव्हता, आणि त्यावरून तेव्हा बरीच कुरकुर झाली होती.

१८८३ मध्ये ऑकलंड युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झालं ते जुन्या कोर्टाच्या आणि तुरुंगाच्या इमारतीत. कायमची जागा कुठे द्यायची यावर शहर वर्षानुवर्षं भांडत राहिलं. अखेर १९२१ मध्ये मुख्य इमारतीसाठी स्पर्धा झाली आणि ती जिंकली मेलबर्नहून भाग घेतलेल्या रॉय लिपिनकॉट आणि एडवर्ड बिलसन या जोडीने. लिपिनकॉट मूळचा अमेरिकन. कॅनबेरा शहराची स्पर्धा जिंकणाऱ्या वॉल्टर बर्ली ग्रिफिनच्या बहिणीचा तो नवरा, आणि त्याच्याच ऑफिसात तयार झालेला. (ग्रिफिनची गोष्ट पुढे आपल्याकडे येते: १९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी तो भारतात आला आणि १९३७ मध्ये लखनौलाच वारला. त्याची कबरही तिथेच आहे.)

इमारत १९२६ मध्ये खुली झाली. सांगाडा गॉथिक, पण नक्षी युरोपातून उचललेली नाही. लिपिनकॉटने न्यूझीलंडची झाडं, पानं आणि पक्षी दगडात आणले. आज आपल्याला ते गोड वाटतं. त्या काळच्या टीकाकारांना मात्र इमारत पुरेशी ब्रिटिश वाटली नाही. गंमत म्हणजे आज तीच शहराची ओळख झालीय आणि वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे.

आता जरा मुंबईच्या फोर्टमध्ये जाऊ. तिथेही विद्यापीठ, तिथेही घड्याळाचा मनोरा. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर काढला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने, मुंबईत एकदाही पाऊल न टाकता. पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिलं आईचं. पण मान वर करून नीट बघितलंत तर त्या मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या समाजांची माणसं उभी दिसतात, आपापल्या पगड्या-पोशाखांसकट. साहेबाच्या नजरेतून घडलेले नमुनेच ते, यात शंका नाही. तरी माणसं आहेत. ऑकलंडमध्ये मात्र ‘स्थानिक’ म्हणून डोळ्यांत भरतो तो निसर्ग. मला हा फरक साधा वाटत नाही.

कारण माणसं तिथे होतीच. क्लॉकटॉवरच्या मागे काळ्या बेसॉल्टची एक जुनी भिंत उभी आहे, तिच्यासमोर फारसं कोणी फोटो काढत नाही. ती अल्बर्ट बॅरक्सची. उत्तरेत माओरी सरदार होने हेके आणि ब्रिटिश यांच्यात लढाई पेटली, ऑकलंडवर हल्ला होईल अशी भीती पसरली आणि १८४०च्या दशकात ही छावणी बांधली गेली. ज्यांच्या भीतीने भिंत घातली, त्याच माओरी समाजातल्या गवंड्यांनी ती बऱ्याच अंशी रचली. १८७०च्या सुमारास सैन्य गेलं, छावणीच्या मोठ्या भागाचा अल्बर्ट पार्क झाला. भिंतीचा तुकडा कॅम्पसमध्ये राहिला.

माओरींना कॅम्पसवर स्वतःचं घर मिळायला १९८८ साल उजाडलं. वाइपापा मराए तेव्हा उघडला. त्यातल्या ताने-नुई-आ-रांगी या सभागृहाचं कोरीवकाम पाकारिकी हॅरिसन यांच्या देखरेखीखाली झालं. अशा घरात कोरलेली माणसं शोभेची नसतात, ते पूर्वज असतात. आत जाणारा त्यांच्या भेटीला जातो. २०२१ मध्ये न्गाती फातुआ ओराके या जमातीने विद्यापीठाला माओरी नाव दिलं: वाइपापा ताउमाता राउ. हल्ली ते इंग्रजी नावाच्या शेजारी वाचता येतं, आणि फोटो अजून क्लॉकटॉवरसमोरच निघतात.