टाकलेल्या मुलांची शाळा

मुंबई-पुण्याच्या कोणत्याहि बालमंदिरांत पाऊल टाकावें, तों तीन-चार वर्षांचें एखादें मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवीत बसलेलें दिसतें. त्याच्या शेजारीं दुसरें मूल पेटींतील लांकडी दट्टे ज्याच्या त्याच्या खळग्यांत बसवीत असतें. चलाख मुलांनीं लवकर शिकावें म्हणून कोणा विदुषीनें हीं साधनें शोधून काढलीं, अशी आईबापांची सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाहीं. ज्या मुलांना शिकविणें म्हणजे वाळूंतून तेल काढणें असें त्या काळचे नामांकित वैद्य म्हणत, त्यांच्या वर्गांत ह्या साधनांचा जन्म झाला. पुढें साधनें सर्व शाळांनीं उचललीं. मुलें मात्र कित्येक वर्षें शाळेच्या दाराबाहेरच राहिलीं.

ह्या मुलांना नांवें तरी किती मिळालीं! ‘इडियट’ हा आज शिवी झालेला शब्द त्या वेळीं वैद्यकशास्त्रांतला रीतसर शब्द होता. आपल्याकडे ‘मतिमंद’ आला, ‘गतिमंद’ आला, मग ‘विशेष मूल’ आलें. स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, चित्ताची अस्थिरता हे भेद विसाव्या शतकांत वेगळे काढले गेले. आणि १९९० नंतर, माणसांच्या मेंदूंची घडण मुळांतच नाना तऱ्हांची असते, या अर्थाचा ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द रूढ झाला. नांव बदलल्यानें वर्गांतली जागा मिळतेच असें नाहीं. ती जागा प्रथम कोणीं व कशी करून दिली, हें पाहण्यासाठीं फ्रान्स देशांत जावें लागतें.

इ. स. १८०० च्या जानेवारींत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत अकरा-बारा वर्षांचा एक रानवट मुलगा लोकांच्या हातीं लागला. अंगावर सदऱ्याच्या चिंध्या, तोंडांत एकहि शब्द नाहीं. त्याच वर्षीं त्याला पॅरिसला आणलें, तेव्हां पाहणाऱ्यांची झुंबड उडाली आणि थोड्याच दिवसांत ती ओसरलीहि. वेड्यांच्या पायांतल्या बेड्या काढविल्याबद्दल ज्याची कीर्ति झाली त्या पिनेलनें मुलाला तपासलें आणि हा जन्मजात जड आहे, याच्यावर उपाय नाहीं, असा निर्वाळा दिला. मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेंत ज्याँ इतार नांवाचा एक तरुण वैद्य होता; त्याला तें पटलें नाहीं. मुलाला माणसांची संगत व शिक्षण मिळालें नाहीं, एवढाच त्याचा दोष, असें तो म्हणाला. आज कांहीं अभ्यासकांना हा मुलगा स्वमग्न असावा असें वाटतें. म्हणजे पिनेलचें निदान सर्वस्वीं चुकीचें नव्हतें. चुकला तो त्याचा निष्कर्ष. ‘निराळा’ म्हणजे ‘न शिकणारा’ हें गणित त्यानें न तपासतांच मांडलें.

इतारचा वर्ग एका विद्यार्थ्याचा. पुस्तक नाहीं, पाटी नाहीं; आरंभ झाला ऊन पाण्याच्या आंघोळीपासून. ह्या मुलाला थंडी-वारा जाणवतच नसे. रोज दोन-तीन तास ऊन पाण्यांत बसविल्यावर त्याच्या त्वचेला संवय लागली, आणि एके दिवशीं त्यानें आपण होऊन पाण्यांत बोट घालून पाहिलें. पाणी निवत आलें आहे असें दिसतांच तो आंत उतरेना. शिक्षकाच्या दृष्टीनें हा पहिला धडा. ‘ओ’ ह्या स्वराकडे तो मान वळवी, म्हणून त्याचें नांव ‘व्हिक्तोर’ ठेवलें.

मग फळा आला. किल्ली, कात्री, हातोडा यांच्या आकृति इतारनें फळ्यावर काढल्या व ज्या त्या आकृतीखालीं ती ती वस्तु टांगली. आकृतीवरून वस्तु ओळखणें मुलाला साधलें, तेव्हां वस्तूंच्या जागीं रंगीत कागदाचे आकार आले आणि शेवटीं खणांच्या पेटींतली सुटीं अक्षरें आलीं. चार अक्षरें जुळवून दूध ह्या अर्थाचा फ्रेंच शब्द करावयास व्हिक्तोर शिकला. ज्या एका घरीं फिरायला गेल्यावर त्याला दूध मिळे, तेथें जातांना आठवड्याभरानें त्यानें हीं चार अक्षरें कोणीं न सांगतां खिशांत घालून नेलीं आणि टेबलावर नीट ओळीनें मांडलीं. बोलतां न येणाऱ्या मुलाच्या हातीं मागण्याचें साधन आलें.

पण त्याच्या चुका त्याहून बोधप्रद आहेत. ‘पुस्तक’ हा शब्द दाखविला कीं तो एक विशिष्ट पुस्तकच आणी. तें कुलपांत ठेवलें तर समोर पन्नास पुस्तकें असूनहि रिकाम्या हातीं परत येई. इतारला उमगलें कीं मुलानें शब्द शिकला, जाति शिकली नाहीं. तें समजावून दिल्यावर व्हिक्तोर उलट टोंकाला गेला. सुरी मागितली तर वस्तरा आणूं लागला. ज्यानें लहान मुलांना शिकविलें आहे त्याला हें सर्व ओळखीचें वाटेल. फरक इतकाच कीं इतर मुलें ह्या पायऱ्या इतक्या भराभर चढतात कीं त्या आहेत हेंच शिक्षकाच्या ध्यानांत येत नाहीं. व्हिक्तोर एकेका पायरीवर थांबला, म्हणून त्या प्रथमच मोजतां आल्या.

ह्या प्रयोगांत कठोरपणाहि होता. मुलाला न्याय-अन्याय कळतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एकदां इतारनें त्याचा धडा बरोबर असतां त्याला शिक्षा करण्याचें सोंग केलें. व्हिक्तोरनें चवताळून त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला, आणि इतारला आनंद झाला! आजच्या शिक्षकाला असला प्रयोग करतां येणार नाहीं व करूंहि नये. परंतु मुलाच्या अंतःकरणाची खरी साक्ष दुसऱ्याच एका प्रसंगानें मिळाली. त्याचा सांभाळ करणाऱ्या गेरँबाईंचा नवरा वारला. जेवणाची मांडामांड व्हिक्तोरकडे असे. त्यानें नेहमींप्रमाणें त्याचेंहि ताट मांडलें. तें पाहून बाईंना रडूं कोसळलें. व्हिक्तोरनें मुकाट्यानें ताट उचलून जागेवर ठेवलें आणि पुन्हां कधींहि मांडलें नाहीं.

पांचएक वर्षांनीं इतारनें हात टेकले. मुलगा बोलूं शकला नाहीं. सरकारी वेतनावर गेरँबाईंच्याच घरीं राहून व्हिक्तोर १८२८ सालीं वारला. इतारनें आपला प्रयत्न फसला असें मानलें, पण त्याचे दोन अहवाल शिल्लक राहिले.

तोच धागा त्याचा शिष्य एदुआर सेगँ यानें उचलला. १८३७ सालीं एका मुलापासून त्यानें काम सुरू केलें आणि १८४२ मध्यें पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील इस्पितळांत त्याला अशा मुलांचा वर्ग मिळाला. सेगँचें मोठेपण असें कीं त्यानें एका मुलाच्या प्रयोगाची शाळा केली. त्याच्या वर्गांत शिकणें पायांपासून सुरू होई. ज्याला हातानें वस्तु धरतां येत नाहीं त्याला तो तिरप्या शिडीवर चढवी. पडूं नये म्हणून बोटें आपोआप दांडा आवळीत. तोल संभाळणें, पायऱ्या उतरणें, शिक्षकानें हात वर केला कीं आपलाहि वर करणें, हें सारें त्याच्या मतें अभ्यासच. त्यानंतर स्पर्श: खरखरीत व गुळगुळीत, ऊन व गार. मग आकार: फळींतल्या खळग्यांत जुळते ठोकळे बसविणें. मग उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी, वांकडी. आणि ह्या रेघांतून अक्षर. लिहिणें आधीं आणि वाचणें मागून, हा क्रम त्यानें लावला. आपल्याकडील जुन्या पंतोजीच्या शाळेंत मूल धुळाक्षरें बोटानें गिरवीत असे. तेंहि हातानेंच अक्षर शिकत होतें, हें येथें सहज आठवतें.

व्यवस्थापकांशीं सेगँचें पटलें नाहीं. वर्षभरांतच त्याला बिसेत्र सोडावें लागलें. १८४६ सालीं त्यानें आपला मोठा ग्रंथ छापला आणि १८४८ च्या क्रांतीनंतर तो अमेरिकेस गेला. तेथें मॅसाच्युसेट्समध्यें सॅम्युएल हौ यानें अशा मुलांची शाळा नुकतीच काढली होती. मुलाला कांहीं वर्षें शिकवावें आणि घरीं परत धाडावें, हा त्या पहिल्या शाळांचा हेतु. तो टिकला नाहीं. जीं मुलें कामाचीं झालीं त्यांना शेतांत व धोबीखान्यांत ठेवून घेणें संस्थांना सोयीचें पडूं लागलें. जीं झालीं नाहींत त्यांच्यासाठीं नुसत्या इमारती वाढल्या. शाळेचें कोठार झालें.

त्यांतच मोजमापाचें युग आलें. कोणत्या मुलांना अधिक मदत हवी हें ठरविण्यासाठीं आल्फ्रेड बिने यानें १९०५ सालीं फ्रान्समध्यें बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. बुद्धि व्यायामानें वाढते असें तो स्वतः म्हणत असे. अमेरिकेंत तीच कसोटी अशा मुलांना वेगळें काढून कोंडण्याच्या कामीं लागली. जर्मनींत तर १९४० व १९४१ ह्या दोन वर्षांत नाझी राजवटीनें संस्थांतल्या सत्तर हजारांहून अधिक अपंग व मनोरुग्ण माणसांना विषारी वायूनें ठार केलें. ‘हा शिकणार नाहीं’ ह्या शेऱ्याची मजल कोठवर जाते, तें ह्यावरून कळावें.

मारिया माँटेसरी ह्यांची कथा ह्याच्या थोडी अगोदरची. १८९६ सालीं त्या रोममध्यें डॉक्टर झाल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांत जाऊं लागल्या. तेथें अशीं मुलें रिकाम्या खोलींत कोंडलेलीं असत. जेवण झाल्यावर तीं जमिनीवरचे पावाचे कण चिवडीत बसतात, असें राखणदारीण किळसेनें सांगे. बाईंच्या लक्षांत आलें कीं मुलांना भूक नाहीं. हातांत धरायला त्या खोलींत दुसरें कांहीं नाहीं. त्यांनीं इतार व सेगँ यांचे ग्रंथ मिळविले आणि स्वतःच्या हातानें इटालियन भाषेंत उतरून काढले.

१९०० सालीं रोममध्यें अशा मुलांसाठीं शाळा निघाली, तेथें सकाळीं आठपासून संध्याकाळीं सातपर्यंत बाई मुलांत असत. एका अकरा वर्षांच्या मुलीला शिवण येईना. सुई वरून कीं खालून घालावी हेंच तिला कळेना. बाईंनीं शिवण बाजूस ठेविली व तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. वर-खालीं, वर-खालीं असा हात बसल्यावर सुई पुन्हां हातीं दिली; मुलगी शिवूं लागली. लांकडाचीं वळणदार अक्षरें करविलीं, व्यंजनें निळीं, स्वर तांबडे. मुलें त्यांवरून बोटें फिरवीत. पुढें हीं मुलें सरकारी शाळांतल्या मुलांच्या बरोबरीनें लेखन-वाचनाच्या परीक्षेस बसलीं व पास झालीं. लोक बाईंचें कौतुक करूं लागले. बाईंना प्रश्न पडला तो भलताच: इतक्या अडचणींतून हीं मुलें इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळांनीं इतकें खालीं कसें दडपून ठेविलें आहे? उत्तर शोधण्यासाठीं त्यांनीं १९०७ सालीं रोमच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. तेथून पुढचें जगाला ठाऊक आहे.

हिंदुस्थानांत ही पद्धति गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं रुजविली. भावनगरास १९२६ सालीं निघालेला नूतन बाल शिक्षण संघ, आणि १९४५ सालीं बोर्डीस ताराबाईंनीं सुरू केलेलें कार्य, हीं महाराष्ट्राच्या परिचयाचीं आहेत. स्वतः माँटेसरीबाई १९३९ सालीं मद्रासेस आल्या. पुढल्याच वर्षीं इटली युद्धांत पडली आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना इंग्रज सरकारनें अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध केलें. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं, ३१ ऑगस्ट १९४० रोजीं, त्यांची सुटका झाली. ह्या वर्षांत शेंकडों शिक्षक बाईंच्या हाताखालीं तयार झाले आणि बालमंदिरें गांवोगांव निघालीं. परंतु ज्या मुलांच्या वर्गांत ही विद्या तयार झाली त्यांना बालमंदिराच्या पटावर क्वचितच जागा मिळे.

ती जागा बहुधा आईबापांनींच केली. मुंबईस १९४४ सालीं वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं सुरू केलेली शाळा ‘जय वकील’ नांवानें वाढली. पुण्यास १९६४ सालीं सिंधुताई जोशी यांनीं ‘कामायनी’ काढली. कायदा बऱ्याच उशिरा आला. १९९६ पासून महाराष्ट्रांत अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षांत सवलती मिळूं लागल्या, आणि २०१६ च्या कायद्यानें मान्य केलेल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नता व अध्ययन-अक्षमता यांचा समावेश झाला.

सेगँची फळी आजहि आपल्या देशांतल्या मानसोपचार-केंद्रांत पाहावयास मिळते. तिचें सध्यांचें रूप मागाहूनच्या मानसशास्त्रज्ञांनीं ठरविलें: दहा आकार, दहा खळगे. मुलाला तीन वेळां ठोकळे बसवायला सांगतात, परीक्षक घड्याळ लावतो आणि सर्वांत कमी लागलेले सेकंद कागदावर मांडतो. बिसेत्रच्या वर्गांत घड्याळ नव्हतें. तेथें ठोकळा चुकीच्या खळग्यांत गेला, तर शिक्षक मुलाचा हात धरून कडेवरून फिरवी आणि पुन्हां बसवूं देई.