बडोद्याचा उन्हाळा आणि घरातली वडीलधारी माणसे

चैत्रातले हळदीकुंकू, पन्हे आणि आंब्याची डाळ झाली की बडोद्यात खरा उन्हाळा सुरू होतो. तेव्हापासून जूनमध्ये पाऊस येईपर्यंत पारा अनेकदा चाळीसच्या वर असतो. उन्हात जाऊ नका, पाणी भरपूर प्या, हे दरवर्षी सांगितले जाते आणि ते बरोबरच आहे. पण आम्हाला जास्त काळजी वाटते ती उन्हात न जाणाऱ्यांची. ज्यांची मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत आणि जे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे किंवा दोघेच राहतात, असे आपले कितीतरी ज्येष्ठ सभासद आहेत. उष्णतेचा त्रास त्यांना घरात बसल्या जागी होतो आणि तो शेजाऱ्यांनाही कळत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. मे २०१० मध्ये शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६ अंशांच्या पुढे गेला. त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे इतर शहरांनी तो उचलला.

वय झाले की तहान कमी लागते. घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी लवकर कमी होते. झोपेच्या, मानसिक आजाराच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही उष्णता सोसण्याची ताकद घटते. अशी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा लागताच डॉक्टरांना एकदा यादी दाखवावी आणि दिवसाला पाणी किती प्यायचे तेही विचारून घ्यावे. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना पाणी मोजूनच प्यायचे असते, त्यांना ‘भरपूर प्या’ हा सल्ला लागू नाही. बाकीच्यांनी तहानेची वाट न बघता तासा-दीड तासाने थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

काय प्यावे, याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. पन्ह्यात आणि ताकात चिमूटभर मीठ घालायची रीत चवीपुरती नाही, घामावाटे गेलेले मीठ त्यातून परत मिळते. मधुमेह असेल तर पन्ह्यातला गूळ आवरावा, ताक बरे. रक्तदाबवाल्यांनी मात्र मीठ बेतानेच घ्यावे. उलट्या-जुलाब झाले किंवा फार घाम गेला तर ओआरएस द्यावे. ते घरात नसेल तर उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, जास्त मिठाने अपाय होतो. दुकानातल्या गोड फळपेयाला ओआरएस समजून घेऊ नये. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा आणि ती जेवढ्या पाण्यासाठी आहे तेवढ्याच पाण्यात पूर्ण विरघळवावी.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असे अजूनही बऱ्याच घरांत सांगतात. कांदा ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला बाजारात जाऊ नये.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दुपार अडवत असत. आताच्या वरच्या मजल्यांवर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खोलीत उतरते. रात्रभर अंग निवले नाही की दुसऱ्या दिवशीचा उन्हाळा जास्त बाधतो. गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात दिला तर खालची खोली थोडी निवते, सोसायटीने मार्चमध्येच हे करून घ्यावे. खोलीतली हवा चाळीसच्या वर गेली असेल तर नुसता पंखा गरम वाराच अंगावर आणतो. अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसावे. जूनमध्ये पारा थोडा उतरतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तेव्हाही सैल राहू नये.

ऊन लागले कसे ओळखावे

डोके दुखणे, पायात गोळे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवात. माणूस शुद्धीवर असेल तर सावलीत आडवे करून मीठ-साखरेचे पाणी घोटघोट द्यावे. पण बोलणे असंबद्ध झाले, माणूस ओळखेनासा झाला, तोल जाऊ लागला, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी अंगाचा ताप बहुधा १०४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असतो. अंग कोरडेच असेल असे नाही, घामही असू शकतो. ‘वयामुळे बडबडतायत’ म्हणून वेळ घालवणे इथे जिवावर बेतते. ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता अंग गार करावे. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. तापाची गोळी इथे उपयोगी नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, श्वास अडकतो.

म्हणून सभासदांना आमची एक विनंती आहे. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत जे ज्येष्ठ एकटे असतील, त्यांना लाटेच्या दिवसांत रोज दोनदा, सकाळी एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा, फोन करावा किंवा दार वाजवावे. ‘बरे आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. काय जेवलात, किती पाणी प्यायलात, असे विचारले की उत्तरावरून माणूस गोंधळला आहे का ते कळते. परगावच्या मुलांनी एका शेजाऱ्याचा नंबर आणि आई-वडिलांच्या औषधांची यादी आपल्याजवळ ठेवावी.

लहान मुलांबद्दल थोडे

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही, आईचे दूध जास्त वेळा द्यावे. आजीचा आग्रह असला तरी इथे डॉक्टरांचेच ऐकावे. बंद मोटारीत मुलाला पाच मिनिटेही एकटे सोडू नये. लग्नाच्या पंगतीतले आमरस आणि श्रीखंड बराच वेळ बाहेर राहिले असेल तर मुलांना आणि आजी-आजोबांना वाढू नये.