किल्लीचे चार हजार तुकडे

लिनक्स सर्व्हरची रूट फाइलसिस्टीम एन्क्रिप्ट करून दोन डिस्कवर मिरर करायची, तर रूढ मांडणी अशी: खाली रेड-१ (दोन्ही डिस्कवर एकच मजकूर लिहिणारी मांडणी), त्यावर लक्स (डिस्क एन्क्रिप्ट करणारी व्यवस्था), त्यावर फाइलसिस्टीम. रेड हे नाव १९८७ मध्ये बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी दिलं. क्लेमेन्स फ्रूहविर्थनं लक्स आणलं २००४ च्या सुमारास. मला मात्र लक्सच्या हेडरमधल्या एका आकड्यानं झपाटलं: ४०००.

डेटा एन्क्रिप्ट करणारी मुख्य किल्ली ५१२ बिटांची, म्हणजे ६४ बाइटची असेल, तर लक्स ती ४००० पट फुगवून, पासवर्डच्या आधारे एन्क्रिप्ट करून डिस्कवर लिहितं. जागा लागते २,५६,००० बाइट. त्यातला एक तुकडा नष्ट झाला की त्या जागेतून किल्ली परत मिळत नाही.

ही युक्ती आली कुठून? शमीरनं १९७९ मध्ये गुपिताची वाटणी सुचवली होती, पण तिथे काही वाटे हरवले तरी गुपित परत मिळावं हीच सोय मोलाची. रिव्हेस्टचं १९९७ चं ‘सगळं किंवा काहीच नाही’ रूपांतर रूपानं जवळचं. हेतू मात्र किल्ल्या एकेक करून पडताळणाऱ्याला मंदावण्याचा. माझ्या मते खरं कुळ पीटर गटमनच्या १९९६ च्या निबंधाचं. डिस्कवरचं पुसलेलं खरोखर पुसलं जातं का, हा त्याचा प्रश्न. डिस्क खराब सेक्टर बाजूला टाकून राखीव सेक्टर वापरते. जुन्यावर मग पुसणाऱ्याचा हात पोचत नाही. ६४ बाइट एकाच सेक्टरमध्ये मावतात आणि नेमका तोच मागे राहू शकतो. ५१२ बाइटच्या ५०० सेक्टरांवर पसरलेली किल्ली अख्खी मागे राहणं जवळपास अशक्य. शिवाय फ्रूहविर्थच्या निबंधाच्या शीर्षकातच फॉरेन्सिक तपासाला रोखण्याचा उल्लेख आहे. गटमनच्या बाजूनं याहून ठोस पुरावा मला नको.

इथेच मिररशी गाठ पडते. लक्सला किल्ली नष्ट करता यायला हवी. रेड-१ प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत जपतं. नादुरुस्त म्हणून काढलेल्या डिस्कवर जुनं हेडर शाबूत असतं. नंतर पासवर्ड बदलला तरी त्या डिस्कवर जुनाच चालतो, आणि त्यातून मिळणारी मुख्य किल्ली आजचा सर्व्हरही उघडते. उलट हेडरवर चुकून काही लिहिलं गेलं, तर ते दोन्ही डिस्कवर उमटतं.

म्हणून हेडरची प्रत सर्व्हरबाहेर सुरक्षित ठेवा, आणि मिररमधून काढलेली डिस्क नष्ट केल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. ती हातची गेलीच असेल, तर नुसता पासवर्ड बदलून भागणार नाही. सगळा डेटा नव्या किल्लीनं पुन्हा एन्क्रिप्ट करा.