चाकांवरचा संसार : घिसाड्यांच्या गाडीपासून कॅम्परपर्यंत

नवरा-बायकोने गाडीतच बिऱ्हाड थाटून गावोगाव फिरायचे, ही रीत महाराष्ट्रात घिसाडी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळली. बैलगाडीत भाता, ऐरण, घण आणि भांडीकुंडी घालून ही कुटुंबे पेरणीच्या तोंडावर गावात येत, वेशीबाहेर पाल ठोकत आणि नांगराचे फाळ, विळे, खुरपी घडवून देत. हे काम एकट्याचे नव्हे. पुरुष तापलेले लोखंड सांडशीने ऐरणीवर धरी आणि त्यावर घण घाली ती त्याची बायको.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि कांदा-बटाट्याच्या बाजाराचे चाकण हा पुण्याजवळचा सारा पट्टाही तेव्हा असाच, घिसाड्यांना काम देणाऱ्या शेतीचा होता. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि शिवारांचे कारखाने झाले. कारखान्यांत बनलेली तयार अवजारे व ट्रॅक्टर आले, तशी घिसाड्यांच्या कामाची मागणी आटली.

चाकांवरच्या नव्या घराचा पाया मात्र याच पट्ट्यात घातला गेला. नवलमल फिरोदिया यांनी जर्मन टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 1958 मध्ये सुरू केलेली बजाज टेम्पो पुढे आकुर्डीत स्थिरावली. तिच्या मॅटॅडोरला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळे. त्यामुळे तळाखालून मागे जाणारा दांडा लागत नसे आणि फरशी सपाट व बुटकी राही. 1987 मध्ये मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवर बेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर आली. युरोपात याच टी-1 वर कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या, बांधले जात होते. भारतात ट्रॅव्हलरने आधी प्रवासी, रुग्ण आणि माल वाहिला. कॅम्पर नंतर झाले.

दोघांच्या कॅम्परची मांडणी साधारण ठरलेली असते : मागे आडवा पलंग, त्याखाली सामान, बाजूला ओटा व शेगडी, पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनेल. ही मांडणी मनाला येईल तशी करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील बदलांवर बंधन घालते. कंपनीच्या मूळ आराखड्याशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. मोटार कॅरव्हॅनसाठी, म्हणजे अशा कॅम्परसाठी, एआयएस-124 हे स्वतंत्र मानक आहे. पिंपरी-चिंचवडची एमएच-14 पाटी लावणाऱ्या अशा गाडीलाही नोंदणीसाठी कायमचा पत्ता द्यावाच लागतो. गाडी हेच घर असले, तरी कागदावर ते घर ठरत नाही.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न राज्याने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरणाद्वारे हाती घेतला. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह अशा सोयींचे तळ त्यात अपेक्षित आहेत. हे धोरण हौसेने फिरणाऱ्यांसाठी आहे. पोटासाठी फिरणारे घिसाडी भटक्या जमातींच्या यादीत आहेत आणि रस्त्याकडेच्या पालाला याच चार सोयी लागतात. चाकांवरच्या संसाराला राज्याने दिलेली मान्यता त्यांच्यापर्यंत पोहोचली, तरच ती पुरी म्हणता येईल.