अज्ञातवास आणि वध : कार्ल्याची आख्यायिका व ‘सैरंध्री’चे दोन चित्रपट

मावळ तालुक्यात, लोणावळ्यानजीक, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे. त्याविषयी अशी आख्यायिका आहे की, वनवासात पांडव येथे आले असता देवीने त्यांस एका रात्रीत देऊळ उभारावयास सांगितले. ते उभे राहिले, तेव्हा ‘अज्ञातवासात तुम्हांस कोणी ओळखणार नाही’ असा वर तिने दिला. लेण्यांचे खरे दाते आपली नावे शिलालेखांत ठेवून गेलेले आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी हा त्यांतील एक. परंतु आख्यायिका इतिहासाच्या कसोटीस उतरली नाही, म्हणून ती निरर्थक ठरत नाही. तीत सूड नाही. ओळख पटताच पुन्हा बारा वर्षांचा वनवास ज्यांच्या वाट्यास यावयाचा, अशा एका कुटुंबास मिळालेले अभय तेवढे आहे. मराठी रंगभूमीने व चित्रपटाने याच अज्ञातवासातून नेमका सूड उचलला.

विराटपर्वातील पेच असा की, येथे सूड हाच संकटाचे कारण होतो. कीचक भरसभेत द्रौपदीस लाथ मारतो आणि कंकाच्या वेषातील युधिष्ठिर ते मुकाट्याने पाहतो. रात्री नृत्यशाळेत भीम कीचकास मारतो खरा, पण कीचक मेल्याची वार्ता कौरवांच्या हेरांपर्यंत पोहोचते आणि मत्स्यदेशावर स्वारी येते. युधिष्ठिराचा संयम हा केवळ भेकडपणा नव्हे, हे मूळ कथेत स्पष्ट आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) हा तोल बदलला. कीचकात कर्झन, युधिष्ठिरात नेमस्त व भीमात जहाल पाहावयाचे, हे प्रेक्षकांस सांगावे लागत नव्हते. सरकारनेही ते ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. येथे शब्दाकडे लक्ष वेधणे माझ्या विषयास धरून होईल. ‘खून’ व ‘वध’ यांत कृती एकच, परंतु ‘वध’ म्हणताच मारणाऱ्याच्या बाजूने निकाल लागलेला असतो. नाटकाच्या नावातच निकाल होता.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२० साली हेच कथानक चित्रपटात आणले, ते मात्र ‘सैरंध्री’ या नावाने. सैरंध्री हे द्रौपदीने दासी म्हणून घेतलेले नाव. बंदी आलेल्या नाटकाचा विषय जणू स्वतःच वेषांतर करून आला, असे म्हणावयास हरकत नाही. वेष फार काळ टिकला नाही. भीम कीचकाचे शिर उडवितो ते दृश्य इतके खरे वाटले की ते कापावे लागले, असे सांगतात. (रंगभूमीवर पुरुषाने केलेली द्रौपदी येथे स्त्रीने केली, हेही त्या काळी लहान धाडस नव्हते.) चित्रपट मूक होता, हे मला त्याचे वैगुण्य वाटत नाही. दहा वर्षांपूर्वी नाटक पाहिलेल्या प्रेक्षकास न ऐकू येणारी भाषणे ऐकू येत असली पाहिजेत. आणि अशी भाषणे कोणत्याही अधिकाऱ्यास कापता येत नाहीत.

पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेले व्ही. शांताराम यांनी १९३३ साली ‘प्रभात’साठी ‘सैरंध्री’ पुन्हा काढला, मराठीत व हिंदीत. आता पात्रे बोलू लागली होती. पण या आवृत्तीची महत्त्वाकांक्षा निराळी होती. तिला रंग हवा होता. रसायनक्रियेसाठी फिल्म जर्मनीस गेली, परंतु रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि चित्रपटाची आठवण राहिली ती या फसलेल्या रंगांसाठी. मला यात तंत्राच्या अपयशाहून दुसरेच काही दिसते. १९०७ मध्ये कीचक कोण, हा प्रश्न होता; १९२० मध्ये तो दाखविता येईल काय, हा होता; १९३३ मध्ये प्रश्न त्याच्या वस्त्रांच्या रंगाचा उरला.